मला त्रास नाही, असे मी देवीलाही सांगितले

माझे काही दुखत नव्हते. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ याच एका वाक्याने केला.

मी वीज खात्यात फोरमन आहे. घर पेडणे तालुक्यातल्या एका गावात, नोकरी डिचोलीला. रोज स्कूटरने जाऊन येऊन. खाणी बंद पडल्यानंतरची ती वर्षे. रस्त्यावरचे लाल धुळीचे ट्रक नाहीसे झाले होते आणि प्रवास अर्ध्या वेळात व्हायचा. कार्यालयाजवळच्या सभागृहात आरोग्य शिबिर लागले तेव्हा मी गेलो तो फक्त रक्तातली साखर बघायला. तिथल्या तरुण डॉक्टरणीने छातीवर नळी ठेवली आणि ती उचलायलाच तयार होईना. नळी इकडे सरकव, तिकडे सरकव, श्वास धरा, सोडा.

"हृदयात आवाज येतोय," ती म्हणाली.

"येणारच. बंद झाला तर मला इथे कोण आणणार?" मी म्हटले.

मागे रांगेत उभे असलेले आमचे लोक हसले. ती हसली नाही. तिने चिठ्ठीवर काहीतरी लिहिले आणि ती माझ्या हातात न देता दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्या चार पावलांत माझे हसू गेले.

*

पणजीजवळच्या इस्पितळात हृदयाची सोनोग्राफी झाली. पडद्यावर माझे हृदय काळेपांढरे हलताना दिसत होते. माझी बायको सुनंदा शेजारी उभी होती. ती सावंतवाडीकडची. कुठल्याही यंत्रासमोर तिचा हात आपोआप जोडला जातो, तसा तेव्हाही जोडलेला होता.

मोठ्या डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितले. हृदयातून शरीराकडे रक्त जिथून बाहेर पडते, तिथली झडप जन्मापासूनच सदोष होती. आता ती कडक होऊन आखडली होती. दार पूर्ण उघडण्याऐवजी फट उघडत होती आणि हृदय त्या फटीतून जोर लावून रक्त ढकलत होते.

"दम लागतो? छातीत दुखतं? चक्कर?"

"नाही."

"जिने चढताना? वजन उचलताना?"

"नाही."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. त्रास असता तर प्रश्नच नव्हता, म्हणाले, झडप बदलायचीच. त्रास नसताना मात्र दोन रस्ते असतात. एक, आत्ता ऑपरेशन करायचे. हृदय अजून चांगले आहे, पण ऑपरेशनला स्वतःचा धोका असतो, आणि धडधाकट माणसाला त्या टेबलावर झोपवायचे. दुसरा, नियमित तपासण्या करत थांबायचे आणि त्रासाची पहिली खूण दिसताच यायचे. त्यालाही धोका असतो. कधीकधी पहिली खूणच फार मोठी असते. याबाबत डॉक्टरांचेही एकमत नसते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मला त्या मोकळेपणाचा राग आला. तुम्हाला ठाऊक नाही तर मी कोणाला विचारू, असे वाटले.

"आधी एक करूया," ते म्हणाले. "आमच्या देखरेखीखाली तुम्हाला फिरत्या पट्ट्यावर चालवून बघू. माणूस म्हणतो त्रास नाही, पण चालवलं की कधीकधी वेगळंच दिसतं."

मी तारीख घेतली. आणि त्या तारखेला गेलो नाही. ऑफिसात वादळामुळे तारा पडल्या आहेत, असे सांगितले. तारा पडल्या होत्या हे खरे, पण त्या उचलायला माझी गरज नव्हती.

*

घरी ठरवणारा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ आबा. शेजारच्याच घरात राहतो, गावच्या देवळाचे काम बघतो. आमच्या वडिलांना हर्नियाच्या ऑपरेशनला नेले होते ते आबानेच. वडील चालत गेले आणि परत आले ते गाडीत आडवे. आबा त्याबद्दल कधी बोलत नाही, पण इस्पितळाचे नाव काढले की त्याची मान एका बाजूला वळते.

"तुका काय जाता?" त्याने मला विचारले.

"काय नाय."

"मग चांगल्या माणसाची छाती फोडूची कित्याक? आपण देवीक प्रसाद लावया. बाय सांगतली ताच."

आमच्याकडे मोठा निर्णय असा घेतात. सातेरीच्या देवळात गुरव देवीसमोर गाऱ्हाणे घालतो, म्हणजे प्रश्न मोठ्याने मांडतो. देवीला ओल्या कळ्या चिकटवलेल्या असतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. घर बांधायचे, मुलगी द्यायची, जमीन विकायची, सगळे तिथे विचारले जाते. शिकलेले लोकही विचारतात. मीही विचारत आलो आहे आणि अजूनही विचारीन. देवळाबद्दल तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही.

देवळाला चढण आहे, मग पायऱ्या. आबा पुढे, मी मध्ये, सुनंदा मागे. अर्ध्यावर मी उभा राहून दीपमाळेकडे पाहिले. पुढे परत थोडे उभे राहून खाली कुळागराकडे, माडपोफळींच्या बागेकडे, पाहिले. वर पोचेपर्यंत गुरवाची तयारी झालेली होती.

"काय सांगू?" गुरवाने मला विचारले. प्रश्न ज्याचा, शब्दही त्याचेच लागतात.

मी सांगितले. गुरवाने हात जोडून आपल्या लांब सुरात देवीला सांगितले:

"बाय माये, ह्या तुज्या लेकराच्या काळजाच्या दाराक दोष आसा, असा डॉक्टर सांगतत. पण लेकराक आज दम नाय, दुखणा नाय, घेरी नाय. असा आसताना तेणा वाट बघूची असात, तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाला. हजर असलेल्यांनी प्रत्येक गाऱ्हाण्याला हा रुकार द्यायचा असतो. मीही म्हटले. सुनंदा खांबाला टेकून उभी होती. बायका सहसा बोलत नाहीत, म्हणून तिच्या गप्प राहण्याचे कोणाला काही वाटले नाही.

बराच वेळ काही हलले नाही. मग उजवीकडची कळी पडली. आबाने डोळे पुसले. मला इतके हलके वाटले की मी गुरवाच्या पाया पडलो.

*

घरी आल्यावर सुनंदा नारळ खवायला बसली. आमच्याकडे आडोळीवर नारळ खवतात, मान खाली असते. मान वर न करता ती म्हणाली,

"देवीक तुमी खोटा सांगलास."

"काय खोटा?"

"दम नाय म्हणून सांगलास. पायऱ्यांवर कित्याक हुबे रवलास?"

"दीपमाळ बघी होतंय."

"जल्मापासून बघतास ती दीपमाळ. आजच काय नवीन दिसला तिच्यात?"

ती खवत राहिली.

"पोदेर पाव घेवन येता, तेच्या भोंग्यार तुमी धावत जायत होतास. आता हाक मारतास माका. बाजाराची पिशवी माझ्या हातात कधी इली, तुमकाच ठावक नाय. झिलग्याच्या लग्नात नाचूक उठलास नाय. मिया म्हटलंय, वय जाला. पण डॉक्टरान विचारल्यार तुमी नाय म्हणलास आणि देवीक पण नाय म्हणलास. थंय चारचौघांत मिया कशी बोलू?"

पुतण्याच्या लग्नाला तर मी कारण दिले होते की चपला नवीन आहेत.

विजेच्या खांबांची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. पूर्वी मी स्वतः खांबावर चढायचो. फोरमन झाल्यावरही चढायचो, कारण मला ते आवडायचे. मग हळूहळू चढणे बंद केले आणि त्याला मी बढती म्हणू लागलो. खाली उभे राहून वर सूचना देताना मला अधिकार असल्यासारखे वाटे. आणि एकदा डिचोलीपलीकडच्या एका डोंगरवाडीत तारेचे भेंडोळे खांद्यावर घेऊन वर जाताना डोळ्यांसमोर काळोख आला होता. मी गुडघ्यावर बसलो. बरोबरच्यांना सांगितले की पायात काटा गेला. त्यांनी काटा शोधला सुद्धा.

हे मी सुनंदाला त्या दुपारी सांगितले. तिने आडोळी मिटली. रडेल असे वाटले होते. तिने खवलेला नारळ माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आता ह्या डॉक्टराक सांगा. मिया वांगडा येतंय."

*

प्रश्न आता वेगळाच झाला होता आणि तो मला डॉक्टरांच्या प्रश्नापेक्षा जड वाटत होता. देवीने थांब म्हटले होते. कौल मोडून मी टेबलावर झोपलो आणि उठलोच नाही, तर गाव काय म्हणणार? सुनंदाने मोडायला लावला, असे म्हणणार. ती बाहेरून आलेली, गाऱ्हाण्याला रुकार न दिलेली. आबा ते तोंडाने म्हणाला नसता, पण आयुष्यभर मनात धरून बसला असता. मी मेलो तर मला काही ऐकावे लागणार नव्हते. तिला लागणार होते. तेही माझ्या खोट्यासाठी.

इस्पितळात आम्ही आधी गेलो. मी सगळे सांगितले, काट्यासकट. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सुनंदाकडे वळून विचारले, "आणखी काही पाहिलंत तुम्ही?" आणि तिने पाहिलेले एकेक सांगितले. ते ऐकत असताना मला माझ्याच आजाराची ओळख होत होती.

"आता पट्ट्यावर चालवायचं नाही," ते म्हणाले. "त्रास असलेल्या माणसाला चालवणं धोक्याचं असतं. आणि आता थांबायचंही नाही."

जी तपासणी मी चुकवत होतो, तिची वेळच निघून गेली होती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीची दांडी धरून बसलो होतो. प्रत्येक श्वास मोजावासा वाटत होता. इतके महिने जो दम मला दिसत नव्हता, तो आता बसल्याबसल्या लागत होता.

*

मी आबाला म्हटले, देवळात जाऊया, गाऱ्हाणे बदलायचे आहे. का ते सांगितले नाही. तिथे सांगेन म्हटले.

गुरव नाराज झाला. "एकदा लायलेलो प्रसाद परत लायनत नाय."

"प्रसाद नको लावू. माझे शब्द चुकीचे होते, तेवढेच देवीला सांग."

"काय चुकला?"

मी आबाकडे न बघता सांगितले. दम लागतो. घेरी आली होती. मी लपवले. गुरव वळला आणि त्याच सुरात, पण हळू, म्हणाला:

"बाय माये, तुज्या लेकरान तुका सांगलेला ता खरा न्हय. तेका दम आसा, घेरी आसा. भियान तेणा लिपयला. खोट्यार दिलेलो प्रसाद तुजो तुका परत. लेकरू आता डॉक्टराकडे जाता. चुकलामाकला पदरात घी."

मग तो थांबला. रुकार यायला हवा होता. आबा बोलेना. त्याची मान त्या एका बाजूला वळलेली होती. गुरव पाठमोरा तसाच उभा.

"व्हय म्हाराजा," सुनंदा म्हणाली.

बाईचा आवाज तिथे कधी येत नाही. गुरवाची पाठ जराशी हलली. मग आबाने घसा साफ केला आणि तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा."

बाहेर आल्यावर आबा चपला शोधत राहिला. समोरच होत्या.

"माका तरी सांगूक होया होता रे," तो म्हणाला.

"भियालंय."

"मिया काय कमी भियालंय? बाबांका मिया व्हेला." त्याने एक चप्पल घातली. "तुका मिया व्हरूचंय नाय. तू आपल्या पायान चल. मिया पाठसून येतंय."

*

ज्यांना यातून जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे लिहितो. ऑपरेशनच्या आधी दाताचा डॉक्टर दात तपासतो, कारण किडक्या दातातला जंतू नव्या झडपेवर जाऊन बसू शकतो. माझी एक दाढ गेली. छातीवरचे केस काढतात, तेव्हा लाज वाटते, मग थंडी वाजते. झडप कुठली बसवायची हे विचारतात. मी धातूची घेतली, ती टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त तपासत राहावे लागते. आत नेताना माणूस छताकडे बघतो. मी सुनंदाकडे बघितले. तिने माझ्या पायाचा अंगठा दाबला.

पहिली जाग आली ती तहानेने. घशात नळी होती आणि पाणी मागता येत नव्हते. एका परिचारिकेने ओला कापूस ओठांवरून फिरवला. तेवढ्या ओलाव्यासाठी मी तिला काय काय देऊ केले असते, ते आठवले की हसू येते.

मग मला परत आत नेले. हे मला नंतर कळले. आत रक्त साचत होते, ते थांबवण्यासाठी छाती पुन्हा उघडावी लागली. बाहेर काय झाले ते सुनंदाने मला घरी आल्यावर सांगितले. बातमी ऐकून गावातले आमचे एक चुलते इस्पितळात आले होते. बाकावर बसले आणि म्हणाले, "देवीन उजवी दिलेली. आयकूक नाय. कोणी फूस दिली काय माहीत."

सुनंदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आबा उठून चुलत्यांच्या समोर गेला.

"फूस कोणी देवक नाय, काका. देवीक आमी खोटा सांगलेला आणि तेका मिया तोंडान व्हय म्हणलेला. खरा सांगणारी ही एकटी होती. तुमका च्या होई तर खाली कॅन्टीन आसा."

चुलते खाली गेले. आबाने सुनंदाच्या हातात कागदात गुंडाळलेला पाव दिला आणि म्हणाला, "खा. तो बरो जातलो काय नाय, माका ठावक नाय. पण तू खा."

मी बरा झालो. हे लिहितो आहे त्यावरून ते कळतेच. पण ती संध्याकाळ उलट गेली असती तरी आबाचे ते बोलणे तिच्यापाशी राहिले असते. माझ्यासाठी ऑपरेशन यशस्वी झाले ते तिथे, बाकावर. बाकीचे मी नंतर शिकलो: खोकताना छातीला उशी घट्ट धरायची, फुप्फुसांच्या व्यायामासाठी नळीतले चेंडू श्वासाने वर ओढायचे, घरातल्यांवर उगाच चिडायचे आणि मग माफी मागायची. चिडणे फार झाले. सुनंदाने सगळे ऐकून घेतले असे नाही. एकदा तिने पेजेचे ताट उचलून नेले.

*

हल्ली कोणाच्या झडपेचे निघाले की माझ्याकडे पाठवतात. अलीकडे मोरजीचा एक माणूस आला, माझ्याहून थोडा लहान, किनाऱ्यावर होडी असलेला. त्याचे निदान माझ्यासारखेच. त्रास नाही.

"तुमी करून घेतलास. मिया पण करू काय?"

करून टाक, असे माझ्या तोंडावर आले होते. त्याला वाचवून माझे काहीतरी फिटेल, असे वाटले. पण ते सांगायचा मला अधिकार नव्हता. मी त्याला बसपर्यंत सोडायला चालत निघालो. आमच्या घरापासून चांगला चढ आहे. तो सबंध चढभर बोलत होता. कासवांमुळे किनाऱ्यावर काय काय बंद झाले, पर्यटक कसे वाळूत बाटल्या पुरतात, एका रशियन माणसाने त्याच्याकडे होडी चालवायला कशी मागितली. एकही वाक्य त्याने अर्धे सोडले नाही.

"तुम्ही त्या पट्ट्यावर चालून दाखवा," मी म्हटले. "चुकवू नका. आणि डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा, सांगतील तेव्हा तेव्हा तपासायला जा."

"म्हणजे थांबल्यार चलता? तुमी पण थांबलेलास मा?"

"नाही. मी लपलो होतो."

त्याला ते कळले की नाही, मला समजले नाही. बस आली. तो चढला आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "डॉक्टराकडे बायलेक व्हरू काय वांगडा?"

"तिलाच आधी आत पाठवा," मी म्हटले. "तुम्ही मागून जा."